सर्वो अलार्म आला की रीसेट कुणी मारायचा? एआय एजंटला हे काम देताना आलेला अनुभव

शिरोलीचा_मेंटेनन्सवाला
धागा सुरू केला, रात्री १०:४०

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिनिंग शॉपमध्ये मी मेंटेनन्स बघतो. फौंड्रीतून बिडाचं कास्टिंग येतं आणि आमच्याकडे त्याचं बोअरिंग, फेसिंग, ड्रिलिंग होतं. कास्टिंग उचलून व्हीएमसीत (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनमध्ये) ठेवायला दोन ॲक्सिसची गॅन्ट्री आहे. आडवा एक्स, उभा झेड, दोन्ही सर्वोवर, म्हणजे सांगितलेल्या जागी नेमकं जाऊन थांबणाऱ्या मोटरवर.

गेल्या उन्हाळ्यात नाईट शिफ्टला त्या गॅन्ट्रीची एक्सची मोटर जळाली. सकाळी पॅनेल उघडून ड्राइव्हची (मोटरला करंट देणाऱ्या युनिटची) हिस्टरी बघितली तर एका रात्रीत ओव्हरलोडचे ११ अलार्म. ऑपरेटर पोरगा प्रत्येक वेळी एमसीबी खाली करून वर करत होता. अलार्म जायचा, गॅन्ट्री चालायची, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच.

यात पोराची चूक नव्हती, हे आधीच लिहून ठेवतो. शिफ्टचा आकडा भरायचा होता आणि 'अलार्म आला की ऑफ-ऑन कर' हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. ओव्हरलोडला ऑफ-ऑन करणं सगळ्यात वाईट का, हे मात्र आमच्यातल्या कुणीच त्याला कधी सांगितलं नव्हतं.

बहुतेक ड्राइव्हना मोटर किती तापली आहे ते थेट कळत नाही. किती करंट किती वेळ गेला, यावरून ते उष्णतेचा हिशेब ठेवतात. हिशेब मर्यादेबाहेर गेला की ओव्हरलोड येतो. कंट्रोल सप्लाय घालवला की बऱ्याच ड्राइव्हमध्ये तो हिशेब शून्यावर येतो. मोटर मात्र तितकीच तापलेली असते. म्हणजे प्रत्येक ऑफ-ऑनला ड्राइव्हला वाटतं मोटर गार आहे, आणि तो पुन्हा पूर्ण करंट सोडतो. असं ११ वेळा झालं. वाइंडिंगचं वार्निश किती सोसणार?

मूळ कारण अगदी साधं निघालं. गाईडवेचा, म्हणजे कॅरेज सरकते त्या पट्टीचा, वायपर फाटला होता. कूलंटमध्ये कालवलेली बिडाची भुकटी आत जाऊन तिचा लगदा झाला होता. कॅरेज हाताने ढकलली तरी अडकत होती.

त्यानंतर आम्ही एक एआय एजंट बसवला. ड्राइव्ह पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) इथरकॅट या नेटवर्कने जोडलेले आहेत, आणि पीएलसी मॉडबस टीसीपी या दुसऱ्या नेटवर्कने पॅनेलशेजारच्या कॉम्प्युटरला. त्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममधून भाषा-मॉडेलला तीन टूल दिली: 'अलार्म वाच', 'हिस्टरी वाच' आणि 'रीसेट कर'. अलार्म आला की एजंटने बघायचं, कारण सांगायचं आणि किरकोळ असेल तर स्वतः रीसेट करायचं, असा बेत होता.

पहिल्याच आठवड्यात चूक कळली. पोझिशन डेव्हिएशनचा अलार्म आला, म्हणजे ॲक्सिसला जिथे जायला सांगितलं तिथे ती पोचली नाही. एजंटने रीसेट केला. पुन्हा अलार्म, पुन्हा रीसेट. चौथ्या वेळी स्क्रीनवर लिहून मोकळा झाला, 'अलार्म गेला आहे, मशीन तयार आहे.' मी जाऊन बघतो तर कास्टिंग ग्रिपरमध्ये तिरकं अडकलेलं आणि ड्राइव्हवर अलार्म तसाच.

रात्रभर यावर विचार केला आणि दोष माझ्याच टूलमध्ये सापडला. पीएलसीला मेसेज पोचला की माझं टूल उत्तर द्यायचं, 'रीसेट यशस्वी'. खरं तर फक्त निरोप पोचला होता. फॉल्ट गेला की नाही ते कुणीच तपासत नव्हतं. यशस्वी हा शब्द वाचून मॉडेलने पुढचं वाक्य रचलं. माणसानेही तेच केलं असतं.

आता टूल 'यशस्वी' म्हणतच नाही. रीसेट पाठवल्यावर दोन सेकंद थांबतं, ड्राइव्हचा स्टेटस पुन्हा वाचतं आणि जे दिसेल तेच सांगतं: फॉल्ट बिट अजून १, एरर कोड अमुक, ड्राइव्हच्या आतलं डीसी बस व्होल्टेज अमुक. अर्थ एजंटने लावायचा, पण आकडे खरे हवेत.

दुसरा बदल त्याहून मोठा. रीसेटची अट एजंटच्या सूचनांमधून काढली आणि पीएलसीच्या लॅडरमध्ये, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅममध्ये, टाकली. 'ओव्हरलोडला रीसेट करू नकोस' असं मॉडेलला मराठीत, इंग्रजीत कितीही बजावलं तरी ती विनंतीच राहते. लॅडरमधली अट ही भिंत आहे. आमच्या भिंती अशा: अलार्म परवानगीच्या यादीत हवा. तोच अलार्म अर्ध्या तासात दुसऱ्यांदा आला तर एजंटचा रीसेट बंद. सेफ्टी दरवाजा बंद हवा. आणि पॅनेलवरचं हिरवं बटण ऑपरेटरने स्वतः दाबलेलं हवं. बटण दाबल्यावर २० सेकंदच परवानगी, नंतर ती आपोआप जाते.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. रीसेटच्या आधीची नोंद. पीएलसी गेल्या ५ सेकंदांचा करंट, वेग, पोझिशनचा फरक आणि बस व्होल्टेज सतत गोल फिरवत साठवतो. अलार्म आला की ती नोंद गोठते. ती कॉम्प्युटरवर उतरल्याशिवाय रीसेटचं टूल उघडतच नाही. रीसेट मारला आणि मशीन हललं की पुरावा गेला. सहा महिने हे चालवल्यावर मला वाटतं, एजंटला हात देण्याची घाई करू नये. त्याला आधी डोळे द्यावेत.

कुणी असं काही केलं असेल तर लिहा.

---

लॅडर_गोकुळ_शिरगाव
रात्री ११:१५

दादा, मनापासून लिहिलंत. पण एक शंका आहे. अलार्म कोड बघून रीसेट द्यायचा की नाही हे लॅडरमध्ये दहा ओळींत होतं. तुम्ही शेवटी अटी तिथेच टाकल्या. मग एजंट कशासाठी?

---

शिरोलीचा_मेंटेनन्सवाला
रात्री ११:३२

बरोबर आहे. फक्त रीसेटसाठी एआयची काडीचीही गरज नाही.

उपयोग झाला तो वेगळ्याच ठिकाणी. आमच्याकडे मेंटेनन्सची डायरी आहे, मराठीत, हाताने लिहिलेली. 'झेडला कुरकुर', 'डावीकडची केबल गरम' अशा नोंदी. त्याचे फोटो काढून मजकूर करून घेतला. ड्राइव्हचं मॅन्युअल दिलं, अलार्मच्या वेळा दिल्या. मार्चमध्ये अंडरव्होल्टेजचे अलार्म अधूनमधून यायचे. आम्ही ड्राइव्हवर संशय घेत होतो. एजंटने दोन मशीनच्या वेळा शेजारी ठेवून दाखवलं की वेगवेगळ्या मेकच्या दोन्ही मशीनवर अलार्म एकाच मिनिटाला येतो. म्हणजे दोष ड्राइव्हचा नाही, येणाऱ्या सप्लायचा. मेन पॅनेलच्या इनकमरला एका फेजचं लग ढिलं होतं, काळं पडलेलं. लॅडरने हे सांगितलं नसतं. मीही नोंदी शेजारी ठेवून बघितल्या असत्या तर कळलं असतं, पण बघितल्या नव्हत्या.

---

फिटर_काका
सकाळी ६:०५

पोरांनो, मी उद्यमनगरात चाळीस वर्सं मशिनी खोलल्या. तुमचं एआय मला कळत न्हाई, पण ओव्हरलोड कळतो. मोटरला हात लावून बघा. हात ठेववत नसंल तर रीसेटची भाषाच करू नका. मग मेन बंद करायचा, ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा इझंपतोर थांबायचं, आणि स्क्रू हातानं फिरवून बघायचा. जड कुठं लागतोय, एकाच जागी का सगळीकडं, हे हाताला समजतंय. एकाच जागी अडकला तर स्क्रू न्हाईतर गाईडवर काहीतरी हाय. सगळीकडं जड असंल तर बेअरिंग बघायचं.

आणि उभ्या ॲक्सिसच्या खाली लाकडाचा ठोकळा. हे इसरायचं न्हाई. रीसेट मारला, सर्वो ऑन झाला, ब्रेक सुटला आणि मोटरनं वजन धरलंच न्हाई, तर हेड खाली येतंय. माझ्या डोळ्यांसमोर आलंय. हात वाचला त्या माणसाचा, फिक्स्चर गेलं.

---

शिरोलीचा_मेंटेनन्सवाला
सकाळी ७:२०

काका, नमस्कार. ठोकळ्याचं वाक्य मी आज एजंटच्या उत्तरात कायमचं घालतो. झेडचा कुठलाही अलार्म आला की पहिली ओळ तीच येईल. चार्ज दिव्याचंही. एक भर घालतो: दिवा विझला तरी मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ पाळावा. मित्सुबिशीच्या एमआर-जे४ ड्राइव्हला १५ मिनिटं सांगितली आहेत. ओव्हरलोडच्या गटातल्या अलार्मला तर कारण काढून साधारण ३० मिनिटं गार होऊ द्या, आणि सप्लाय ऑफ-ऑन करून लगेच चालवू नका, असं त्याच मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. आम्ही ते वाचलं ते मोटर जळाल्यावर.

झेडसाठी एजंटला रीसेटचं टूलच दिलेलं नाही. यादीत ती ॲक्सिसच नाही.

---

एन्कोडर_कागल
सकाळी ९:५०

कोडच्या बाबतीत एक इशारा. आमच्या कागलच्या शॉपमध्ये वेगवेगळ्या मेकचे ड्राइव्ह आहेत. आकडा तोच आणि अर्थ निराळा, असं सर्रास असतं. १६ घ्या. पॅनासोनिक मिनासवर १६ म्हणजे ओव्हरलोड. मित्सुबिशी जे४ वर १६ म्हणजे एन्कोडरशी (मोटरची जागा मोजणाऱ्या सेन्सरशी) सुरुवातीचा संवादच झाला नाही. डेल्टाच्या बी२ वर १६ म्हणजे आयजीबीटी (ड्राइव्हमधला पॉवर ट्रान्झिस्टर) तापला. एकाला मोटर गार करायची, दुसऱ्याला केबल आणि कनेक्टर बघायचा, तिसऱ्याला पॅनेलचा पंखा आणि फिल्टर.

मी एका चॅटबॉटला नुसतं 'सर्वो अलार्म १६' विचारलं. त्याने एका दमात ओव्हरलोडचं उत्तर दिलं, मेक न विचारता. आमचा ड्राइव्ह मित्सुबिशीचा होता. केबल कॅरिअरमध्ये एन्कोडरची वायर तुटली होती. आम्ही दुपारभर कपलिंग खोलत बसलो.

---

शिरोलीचा_मेंटेनन्सवाला
सकाळी १०:१०

हे फार मोलाचं आहे. आमच्या टूलमध्ये आकडा एकटा कधीच जात नाही. मेक, मॉडेल, कोड आणि त्या मॅन्युअलचं पान, चारही सोबत जातात. पान सापडलं नाही तर एजंटने 'मॅन्युअलमध्ये मिळालं नाही' एवढंच म्हणायचं. आठवणीतून उत्तर द्यायला बंदी आहे. ही बंदी सूचनांमधली आहे, म्हणून स्क्रीनवर पान क्रमांक दिसतो आणि ऑपरेटर ते पान उघडून बघतो.

---

तिसऱ्या_वर्षाची_विद्यार्थिनी
दुपारी १:२५

दादा, मी इलेक्ट्रिकलला आहे. मला असा प्रोजेक्ट करायचा आहे. इथरकॅटवर रीसेट नेमका कसा जातो? आणि एजंटच्या टूलसाठी काय वापरलंत?

---

शिरोलीचा_मेंटेनन्सवाला
दुपारी २:०५

ताई, बहुतेक इथरकॅट सर्वो सीआयए ४०२ हा प्रोफाइल (ड्राइव्हशी बोलायची ठरलेली पद्धत) पाळतात. त्यात ६०४० हेक्स हा हुकूम द्यायचा कंट्रोलवर्ड, ६०४१ अवस्था सांगणारा स्टेटसवर्ड आणि ६०३एफ वर एरर कोड. स्टेटसवर्डचा बिट ३ म्हणजे फॉल्ट. कंट्रोलवर्डचा बिट ७ म्हणजे फॉल्ट रीसेट. तो ० वरून १ होताना, त्या चढत्या कडेलाच काम करतो. हा बिट ० न करता १ या किमतीवरच अडकवून ठेवलात तर पुढच्या वेळी रीसेट लागणार नाही. नवशिक्यांची हमखास इथेच फसगत होते. म्हणून आम्ही बिट थोडा वेळ १ करून लगेच ० करतो.

रीसेट लागला की ड्राइव्ह लगेच चालू होत नाही. तो 'स्विच ऑन डिसेबल्ड' या अवस्थेत जातो. मोटरमध्ये करंट यायला पुढे कंट्रोलवर्डमध्ये ६, मग ७, मग १५ असं टप्प्याटप्प्याने द्यावं लागतं. ज्यांनी हा प्रोफाइल रचला त्यांचे आभार मानावेत असं हे अंतर आहे. आमच्या एजंटला फक्त बिट ७ आहे. ६-७-१५ हा जिना पीएलसी चढतो, तोही ऑपरेटरने सायकल स्टार्ट दाबल्यावरच.

टूलसाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला बाहेरची टूल जोडायची खुली पद्धत) वापरला. अँथ्रॉपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. पायथॉनमध्ये छोटा सर्व्हर लिहिला, त्यात प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि काय माहिती लागते ते. वर्णन नीट लिही. 'रीसेट करतो' इतकंच लिहिलंस तर मॉडेल ते कधीही वापरेल. आमच्या वर्णनात लिहिलंय की याने दोष दुरुस्त होत नाही, आधी नोंद वाच, एन्कोडर आणि ओव्हरलोडला वापरू नकोस.

प्रोजेक्टसाठी मोटर टेबलावर मोकळी ठेव, शाफ्टला काही जोडू नकोस. आणि सर किंवा लॅबचे कुणी सोबत असल्याशिवाय सप्लाय देऊ नकोस.

---

सेफ्टी_पहिली
दुपारी ३:४०

इमर्जन्सी स्टॉपबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ई-स्टॉप दाबला गेला असेल तर तो सोडवणं हे माणसाचंच काम, आणि तेही जिथे दाबला त्याच जागी जाऊन, धोका टळला हे डोळ्यांनी बघून. सॉफ्टवेअरने दुरून तो विषय हाताळायचाच नाही. रीसेटने मशीन आपोआप सुरू होता कामा नये, हे आयईसी ६०२०४-१ आणि आयएसओ १३८४९-१ या दोन्ही मानकांचं म्हणणं आहे. तुमचं हिरवं बटण त्या दिशेने आहे. पण ते बटण अशा जागी आहे ना, जिथून गॅन्ट्रीचा सगळा भाग दिसतो?

दुसरं, मॉडबस टीसीपीला पासवर्ड वगैरे काही नसतं. नेटवर्कवर जो येईल तो पोर्ट ५०२ वर लिहू शकतो. तो कॉम्प्युटर ऑफिसच्या वायफायवर आहे का?

---

शिरोलीचा_मेंटेनन्सवाला
दुपारी ४:३०

बटणाच्या जागेचा प्रश्न वाचून उठून बघून आलो. पॅनेलसमोर उभं राहिलं की लोडिंग टेबलाचा डावा कोपरा खांबाआड जातो. तुम्ही विचारलंत म्हणून कळलं. बटण उजवीकडच्या पोस्टवर हलवायला आजच वायरमनला सांगितलं. तोवर एजंटचा रीसेट बंद ठेवला आहे.

नेटवर्कचं: मशीनचं नेटवर्क वेगळं आहे, कॉम्प्युटरला दोन कार्ड. मॉडेलशी बोलणारा भाग इंटरनेटच्या बाजूला, पीएलसीशी बोलणारा आत, आणि त्यांच्यामध्ये मोजक्या ठरलेल्या विनंत्याच जातात. पीएलसीत लिहिण्यासाठी एकच रजिस्टर उघडं आहे, बाकी सगळं फक्त वाचायला.

---

पंचगंगेकाठचा
सायंकाळी ६:१५

बॅटरीचं कुणीतरी लिहायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला तेव्हा आमचं शॉप पाण्यात नव्हतं, पण कामगार पोचत नव्हते आणि सप्लाय बंद होता. पहिल्या वेळी आठवड्याने मेन चालू केला तर दोन मशीनवर ॲब्सोल्यूट पोझिशन हरवल्याचा अलार्म. सप्लाय नसताना एन्कोडरची स्थिती बॅटरीवर टिकते. आमच्या बॅटऱ्या जुन्या होत्या, बंद काळात संपल्या.

हा अलार्म रीसेटने जात नाही. फानुक कंट्रोलरवर ३०० नंबरचा अलार्म म्हणजे रेफरन्स, म्हणजे मशीनचा मूळ बिंदू, पुन्हा द्या. तो चुकीच्या जागी दिला तर मशीनला स्वतःचं घरच चुकीचं कळतं आणि पहिल्या रॅपिडला (वेगवान हालचालीला) टूल जॉबमध्ये घुसतं. हे एजंटकडे अजिबात देऊ नका. त्याने फक्त बॅटरी कमी झाल्याची वॉर्निंग आधी ओरडून सांगावी. फानुकवर तो ३०७. आणि बॅटरी बदलताना कंट्रोल सप्लाय चालू ठेवून बदला. बंद करून काढलीत की पोझिशन तिथेच गेली. २०२१ ला आम्ही मे महिन्यातच सगळ्या बदलल्या होत्या, एकही अलार्म आला नाही.

---

उद्यमनगरची_ताई
रात्री ८:५०

मी वाचत होते, लिहावं का विचार करत होते. आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी टर्निंग. मिस्टर गेल्यापासून मीच बघते. पीएलसी, नेटवर्क यातलं काही करणं परवडणार नाही. अलार्म आला की सर्व्हिसवाल्याची वाट बघत मशीन दिवसभर उभं राहतं. माझ्यासारखीला यातलं काय घेता येईल?

---

शिरोलीचा_मेंटेनन्सवाला
रात्री ९:२०

ताई, तुम्हाला यातला सगळ्यात कामाचा भाग एक रुपयाही न घालता घेता येईल.

एक वही करा. अलार्म आला की रीसेटच्या आधी मोबाईलवर तीन फोटो: ड्राइव्हचा डिस्प्ले, कंट्रोलरची अलार्म स्क्रीन आणि सर्वोच्या पानावरचा लोड. मग वहीत चार गोष्टी: वेळ, कुठला जॉब, कुठल्या ओळीवर थांबलं, आवाज किंवा वास आला का. मोटर गरम होती का, तेही. हे आणि मशीनचं मॅन्युअल एआयला देऊन विचारा, 'कारणं कुठली असू शकतात, मी सप्लाय बंद करून काय तपासू, आणि सर्व्हिसवाल्याला काय सांगू.' मशीनला काही जोडायचं नाही, त्यामुळे चुकून काही हलण्याची भीती नाही. सर्व्हिसवाला येताना नेमका पार्ट घेऊन आला तर दुसरी फेरी वाचते.

ओव्हरलोड असेल तर मात्र कुणीही काही म्हणो, अर्धा तास मशीन थांबू द्या. फोनवर कुणी 'ऑफ-ऑन करा' म्हणालं तरी.

---

फिटर_काका
रात्री ९:४५

ताई, मी उद्यमनगरातच हाय. गरम मोटर कशी वळखायची आणि स्क्रू हातानं कसा बघायचा ते येऊन दावतो. पैसं नगोत. तुमच्या ऑपरेटरलाबी हुभा करा, त्यालाच शिकायला पायजे.

---

उद्यमनगरची_ताई
रात्री ९:५८

काका, या. चहा ठेवते. तुमचा नंबर इथे लिहू नका, मला निरोपात पाठवा.

---

शिरोलीचा_मेंटेनन्सवाला
दोन दिवसांनी, रात्री ११:०५

बटण हललं. आता सगळं टेबल दिसतं. एजंटचा रीसेट पुन्हा चालू केला.

आज सेकंड शिफ्टला एक्सला डेव्हिएशनचा अलार्म आला. गोठलेल्या नोंदीत करंट थांबण्याआधी हळूहळू चढलेला होता, झटका नव्हता. एजंटने लिहिलं, 'धडक झालेली दिसत नाही, घर्षण वाढल्यासारखं दिसतं. डायरीत मंगळवारी "डावीकडून खरखर" अशी नोंद आहे. वायपर आणि वंगण बघा. रीसेटची शिफारस करत नाही.' ती मंगळवारची नोंद ज्याच्या हाताखाली मोटर जळाली त्याच पोराची आहे. आता तो प्रत्येक शिफ्टला लिहितो, अक्षर छान आहे त्याचं.

सप्लाय घालवून बघितलं. वंगणाची नळी डाव्या ब्लॉकपाशी चेपली होती, तेल पोचतच नव्हतं. नळी बदलली, तेल आलेलं बघितलं, कॅरेज हाताने दोन्ही टोकांना नेली. मग पोराने हिरवं बटण दाबलं.